फोडणींतला चोर

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसींत आमची नोकरी. आमच्या डब्यासाठीं घरांत पहांटेंच फोडणी पडते. पुतणीचें दुखणें त्या फोडणींतच दडलें होतें, हें आम्हांस वर्षभर उमगलें नाहीं. तिला सीलिअ‍ॅक विकार. गहूं व सातू यांतील ग्लूटेन आंतड्यास अपाय करतें. म्हणून पोळी वर्ज्य करून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी पोटदुखी थांबेना. ‘पोर चोरून खाते,’ असा आळ आम्हींच घेतला! अखेर वहिनींनीं हिंगाच्या डबीवरील बारीक अक्षरें वाचलीं. बाजारच्या बांधानी हिंगांत बहुधा मैदा मिसळलेला असतो. आणि घरांत आमटी सर्वांची एकच! हिंग बदलला, दुखणें ओसरलें. वाचकांनीं पथ्याच्या घरीं ती डबी आधीं पहावी. आमचा आळ मात्र पुतणी विसरली कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.