मांडुळाचं वजन

मांडूळ विकलं की माणूस एका रात्रीत मालामाल होतो, यावर माझा विश्वास होता. चांगला शिकलेला असूनही होता. मोहोळ तालुक्यातले आम्ही लोक वडवळच्या नागनाथाला भक्तिभावाने नारळ फोडतो. त्याच तालुक्यातल्या आमच्या रानात नांगरटीत निघालेलं मांडूळ पोत्यात घालून ताणकाट्याला अडकवलं, तेव्हा आकडा वाचून दाखवणारा मीच होतो. ते गुप्तधन दाखवतं, दोन्ही तोंडांनी सहा-सहा महिने चालतं, वजन जितकं जास्त तितका भाव जास्त... सगळं ऐकीव, पण मला खरं वाटायचं. लोभ सुटला होता, दुसरं काही नाही. रात्री कुणीतरी पोतं घेऊन गेलं. पुढं त्याचं काय झालं, मी विचारलंही नाही.

ही समजूत तडकली आंबोलीत, भर पावसात. डांबरी रस्त्यावर बोटाएवढा जाड, काळसर साप पडला होता. सोबतचा जाणकार म्हणाला, हा खापरखवल्या. सह्याद्रीतल्या ओल्या जंगलात मातीखाली राहतो, गांडुळं खातो. शेपटीचं टोक तिरकं छाटल्यासारखं, खरखरीत, त्यावर चिखलाचा थर. बिळात शिरला की हीच शेपूट मागे बुचासारखी बसते. तो निमुळतं तोंड डांबरावर टेकवायचा, दाबायचा, थोडा सरकायचा, पुन्हा दाबायचा. माती शोधत होता. मी वाकून बघत राहिलो आणि एकदम आठवलं, आमच्या पोत्यातलं मांडूळही असंच कोपऱ्यात तोंड खुपसत होतं. तेव्हा मी सगळ्यांना म्हणालो होतो, "बघा, धन शोधतंय."

एक जीव माती शोधत होता आणि मला त्यात पैसा दिसला. हे आजही बोचतं.

मांडुळाला तोंड एकच. धोका वाटला की ते डोकं वेटोळ्यात दडवतं आणि बोथट शेपूट पुढं करतं, म्हणजे घाव शेपटीवर पडावा. ते बिनविषारी आहे, उंदीर खातं. त्याला पकडणं, विकणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कायदा मला तेव्हाही माहीत होता.

यंदा नांगरटीच्या दिवसांत शेजारच्या वस्तीवरून फोन आला, "भाऊ, मांडूळ निघालंय. चांगलं वजनदार आहे." तसाच गेलो. म्हटलं, "काटा आणू नका. बांधालगतच्या भुसभुशीत मातीत सोडा."

"मग आपल्याला काय उपयोग त्याचा?"

"रानातले उंदीर कोण खातं?"

त्याला कितपत पटलं, ठाऊक नाही. पण मांडूळ सोडेपर्यंत मी तिथून हललो नाही.