४० लिटरचा समुद्र

सांगलीच्या हळदबाजारात उभी हयात घालविलेल्या अण्णांनी गादी मुलाच्या स्वाधीन केली, तेव्हा यापुढे कसलीही नवी जबाबदारी घ्यायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. गेल्या जुलैत नातू शिक्षणासाठी बंगळूरला गेला आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली काचेची पेटी त्यांच्या गळ्यात पडली. लांबी दीड फूट, रुंदी व उंची एकेक फूट. पाणी जेमतेम ४० लिटर. त्या खाऱ्या पाण्यात सच्छिद्र दगड, दगडांवर बटणाएवढ्या तोंडांचे मऊ प्रवाळ, दोन गोगलगाई आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एकच क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासा.

पेटी घरात आली त्याच दिवशी माईंनी विरोध केला होता. पाणी गाळल्यानंतर जिवाणी परत विहिरीत सोडण्याची रीत ज्या घरात सासूबाईंनी अखेरपर्यंत पाळली, त्या घरात जीव कोंडून ठेवायचे? या प्रश्नाला नातवापाशी पुरते उत्तर नव्हते. त्याने आपल्या परीने काळजी घेतली होती, हे मात्र मान्य करावे लागेल. खाऱ्या पाण्याची नवी टाकी जिवांना लगेच मानवत नाही. माशाच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू दगडांच्या छिद्रांत वस्तीला यावे लागतात, आणि त्याला चार ते सहा आठवडे जातात. पूर्वी हौशी मंडळी या काळात एखादा काटक मासा टाकीत सोडून देत; जगला तर जगला. नातवाने त्याऐवजी प्रयोगशाळेत वापरतात तसला शुद्ध नवसागर मोजून घातला. भांड्यांच्या कल्हईला लागतो तोच हा पदार्थ. जंतूंना हवा असलेला अमोनिया त्यातून मिळाला आणि सहा आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. येणारे-जाणारे विचारीत, रिकाम्या पाण्यावर दिवा कशाला लावला आहे?

दगडही त्याने किनाऱ्यावरून उचलले नाहीत. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. परंतु भित्ती रचणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत बसले आहेत. म्हणून दगड भाजलेल्या मातीचे, आणि त्यांवर बाहेरदेशी टाकीतच वाढविलेल्या मऊ प्रवाळांचे तुकडे. जाकार्त्याच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लेखातून जगापुढे मांडली, तेव्हा समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच ते प्रवाळ जगवीत होते. त्यांच्या दाराशी समुद्र होता. सांगलीत तो पिशवीतल्या मिठातून तयार करावा लागतो.

नातवाने जाताना दोन पानांचे टिपण ठेवले. तापमान २५ ते २६ अंश. खारेपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. दर रविवारी चार लिटर पाणी काढावे आणि आदल्या दिवशी सुमारे दीडशे ग्रॅम मीठ विरघळवून ठेवलेले तेवढेच नवे पाणी घालावे. अण्णांनी जुनी रोजमेळाची वही काढली आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे तिच्यात लिहू लागले. टाकी लहान, म्हणजे काम सोपे, अशी त्यांची समजूत होती; ती लवकरच फिटली. मोठ्या टाकीत चूक पाण्यात पातळ होऊन जाते. लहान भांडवलाच्या दुकानाला एक बुडीत उधारीही पेलत नाही, तसेच हे.

ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी ३० अंशांवर गेले. पाण्यावर लहान पंखा लावा, असे नातवाने फोनवर सांगितले. पंखा लावताच तापमान दोन अंशांनी उतरले. पण पाण्याची पातळीही रोज अर्धा लिटर उतरू लागली. रविवारसाठी कालवलेले खारे पाणी जवळ होतेच. समुद्रात समुद्राचेच पाणी घालावे, या हिशेबाने अण्णा रोज तूट भरून काढीत राहिले. अकराव्या दिवशी प्रवाळांची तोंडे मिटलेली दिसली. मासा एका कोपऱ्यात जोरजोराने कल्ले हलवीत होता. खारेपणा मोजण्याच्या दुर्बिणीसारख्या उपकरणात त्यांनी थेंब टाकून पाहिला; आकडा ४० चा होता.

वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. मीठ सगळे मागेच राहते. तूट गोड्या, शुद्ध पाण्याने भरायची असते. टिपणात ते लिहिलेले होते, दुसऱ्या पानाच्या तळाशी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांतील तळटिपा वाचणाऱ्या माणसाच्या नजरेतून नेमकी हीच ओळ निसटावी!

"आजोबा, घाई करू नका," नातू फोनवर म्हणाला. "चढायला दहा दिवस लागलेत. उतरायला निदान चार-पाच दिवस द्या." मग रोज एक लिटर खारे पाणी काढून तेवढेच गोडे पाणी, तेही वाटीवाटीने. पाचव्या दिवशी आकडा ३५ वर आला आणि प्रवाळ हळूहळू उघडू लागले. एक गोगलगाय मात्र वाचली नाही. "ही माझ्या हातून गेली," एवढेच अण्णा बोलले. त्या संध्याकाळी ते प्रतिक्रमणाला नेहमीपेक्षा बराच वेळ बसले.

त्यानंतर माईंनी जुना विषय पुन्हा काढला: सोडून द्या या जिवांना. अण्णांनी खरोखर विचार केला. कृष्णेच्या गोड्या पाण्यात हा मासा तग धरणार नाही. समुद्रात सोडावा, तर टाकीतच जन्मलेला हा जीव भक्षकाला ओळखणार कसा? शिवाय परदेशी प्रवाळ आपल्या किनाऱ्यावर नेऊन टाकणे म्हणजे तिथल्या जिवांवर नवे संकट. दुकानदार परत घेईल. पण तो दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कुणाला विकेल. गाईगुरांना पांजरपोळ आहे, याला नाही.

खाण्याचा प्रश्न याहून अवघड होता. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. दिव्यावर त्यांचे बरेचसे भागते. माशाचे भागत नाही. त्याच्या दाण्यांच्या डबीवर पहिलाच घटक माशांची भुकटी असा छापलेला आहे. निव्वळ शैवालाचे दाणे अण्णांनी आणून पाहिले. माशाने तोंडात घेऊन ते थुंकून टाकले. आता ती डबी आणि तिचा चमचा स्वयंपाकघरापासून दूर, टाकीखालच्या खणात असतो. अण्णा तो उघडतात तेव्हा त्यांच्या कपाळावरची आठी दिसते. तरी एक दिवसही चुकत नाही.

विदूषक मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहूनही अधिक जगतो. काही वीस वर्षेही जगलेले आहेत. अण्णा ६८ वर्षांचे आहेत. हा हिशेब त्यांनी एकदा वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडला आणि मग थोरल्या सुनेला टाकीपाशी बोलावून तूट कोणत्या पाण्याने भरायची, ते दोनदा समजावून सांगितले.

दिवाळीत नातू घरी आला. त्याने पाणी तपासले, वही चाळली आणि अपराधी स्वरात म्हणाला, "पुण्याला माझ्या एका मित्राकडे मोठी टाकी आहे. त्याच्याकडे देऊ या का? तुम्हाला किती त्रास होतो आहे."

"त्यांच्याकडे वीज गेली तर काय करतात?" अण्णांनी विचारले.

नातवाला ते ठाऊक नव्हते. अण्णांनी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप खणातून काढून त्याच्यापुढे ठेवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माईंची हाक आली. सूर्य मावळतीला आला होता, पाने मांडली होती.

"आणि त्याला घातलंत का?" त्यांनी आतूनच विचारले.