अंगणांतली जीप

आमच्या गोरेगांवच्या घरीं, अंगणाच्या उत्तर कोपऱ्यांत चिंचेखालीं, बारा वर्षें एक जीप उभी होती. उभी होती म्हणण्यापेक्षां बसली होती म्हणणें अधिक खरें. कारण तिच्या चारी चाकांतली हवा केव्हांच गेली होती आणि दर पावसाळ्यांत ती बोट-बोट जमिनींत रुतत चालली होती. कोंबड्यांनीं तिच्या मागच्या बाकाखालीं अंडीं घालावींत, पोरांनीं लपंडावांत तिच्यांत दडावें आणि भंगारवाल्यानें दर उन्हाळ्यांत एकदां फाटकाशीं येऊन भाव वाढवून विचारावा, एवढाच तिचा आमच्या संसाराशीं संबंध उरला होता. भंगारवाल्याला मीं कधीं होकार दिला नाहीं. तसा स्पष्ट नकारही दिला नाहीं. ‘पुढच्या वर्षीं पाहूं’ हें उत्तर मनुष्य केव्हां देतो, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांतल्या एखाद्या अडगळीकडे पाहून ठरवावें.

जीप माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही बाबूजी म्हणत असूं. १९७८ सालीं एका सरकारी लिलावांत त्यांनीं ती घेतली. गोरेगांव त्या वेळीं भंडारा जिल्ह्यांत होतें. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ सालीं. गाडी १९६२ ची, महिंद्रा कंपनीनें विलिसच्या परवान्यानें बांधलेली, उंच बॉनेटची. बाबूजींनीं तिचें सरकारीपण फार दिवस राहूं दिलें नाहीं. धानाचीं पोतीं मावेनात म्हणून मागचा पत्रा कापून वीतभर लांबवला. मूळचा कार्ब्युरेटर रुसूं लागला तेव्हां अँबॅसेडरचा आणून जोडला. हॉर्न तर एका ट्रकचा होता, तो वाजला कीं जवळच्या बांधींतले बगळे उडून जात. त्या जीपमधून धान गेलें, खत आलें, गांवच्या बाळंतिणी गोंदियाला गेल्या, आणि दिवाळीनंतर मंडईच्या रात्रीं नाटक पाहायला एका वेळीं पंधरा-पंधरा माणसें गेलीं. हीं माणसें तींत कशीं बसत, तें आज गाडीचें माप घेतल्यावर मला समजेनासें झालें आहे.

डिसेंबर २०२१ मध्यें एके संध्याकाळीं माझा मुलगा हातांत मोबाइल घेऊन माझ्यापाशीं आला. त्याला तेव्हां सोळावें लागलें होतें. सांगली जिल्ह्यांतल्या देवराष्ट्रे गांवचे दत्तात्रय लोहार यांचें चित्रण तो मला दाखवत होता. देवराष्ट्रे हें नांव मला यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव म्हणून ठाऊक होतें. आतां तें या गृहस्थांमुळें साऱ्या देशाला ठाऊक झालें. लोहारकाम करून पोट भरणाऱ्या या माणसानें मुलाच्या हट्टाखातर भंगारांतल्या सुट्या भागांतून एक चिमुकली जीप घरींच घडवली होती. खर्च साठ हजारांच्या आसपास. स्टीअरिंग डाव्या हाताला, आणि इंजिन सुरू करायचें तें दुचाकीसारखें पायानें लाथ मारून. आनंद महिंद्रा यांनीं तिचें कौतुक केलें, नियमांत बसत नसल्यामुळें ती रस्त्यावर फार दिवस चालूं दिली जाणार नाहीं हेंही लिहिलें, आणि तिच्या बदल्यांत नवी बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें तो अदलाबदल झालाही.

मी म्हणालों, “शेवटीं ती गाडी त्याच्या दारांतून गेलीच कीं!” मुलगा म्हणाला, “पप्पा, आपली तर दारांतच आहे.”

येथून आमच्या घरांतल्या वादाला आरंभ झाला. मुलाला जीप नुसती दुरुस्त करायची नव्हती. त्याला तिचा ‘हॉट रॉड’ करायचा होता. हा शब्द मीं तेव्हां प्रथम ऐकला. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर, १९३० च्या दशकांत तरुण मुलें जुन्या फोर्ड गाड्या पळवत. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटी निघाल्या होत्या, त्यामुळें जुनी गाडी मिळण्याला तोटा नव्हता. तिचीं मडगार्डें उतरवायचीं, टप काढायचा, ओझें होईल तें सारें फेंकायचें आणि तिच्या पोटांत जास्त ताकदीचें इंजिन घालायचें. १९३२ सालीं फोर्डनें आठ सिलिंडरांचें स्वस्त इंजिन काढलें आणि या पोरांना कल्पवृक्षच सांपडला. आमच्या चिरंजिवांचा बेत याच धर्तीचा होता: मडगार्डें काढायचीं, मागचा लांबवलेला पत्रा उडवायचा, धुराची नळी बाहेरून वर काढायची.

मला हें सहन होईना. बाबूजींची गाडी जशी होती तशीच राहिली पाहिजे, असा मीं पवित्रा घेतला. २०२१ च्या जुलैमध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम केला होता, तो मीं मोठ्या आवाजांत वाचून दाखवला. वीस हजार रुपये भरले म्हणजे मान मिळेल, वेगळी पाटी मिळेल! माझी मुलगी भावापेक्षां दोन वर्षांनीं मोठी आणि शांत डोक्याची. तिनें तोच नियम पुढें वाचला. सांगाडा, बाहेरचा पत्रा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट होती. “आजोबांनीं तर पत्रा कापला होता,” ती म्हणाली. म्हणजे ज्या गाडीचें मूळपण मी राखूं पाहत होतों, तें तिच्या मालकानेंच चव्वेचाळीस वर्षांपूर्वीं पोत्यांपायीं घालवलें होतें. मग मीं मोटार कायद्याचें बावन्नावें कलम काढलें. गाडीच्या मूळ रचनेंत मनाजोगा बदल करण्याला त्यानें मनाई आहे आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तें बजावलें आहे. मुलगा म्हणाला, “रस्त्यावर नेणारच नाहीं. आपल्या बांध्यांत चालवूं.”

वर त्यानें मला आणखी एक धडा दिला. आपल्या जीपचें बॉनेट इतकें उंच कां, हें मीं कधीं मनांतही आणलें नव्हतें. विलिस कंपनीनें नवें इंजिन केलें, त्याच्या आंत घेणाऱ्या झडपा डोक्यावर आणि बाहेर टाकणाऱ्या बाजूला. त्यामुळें तें उंच झालें आणि जुन्या जीपच्या बॉनेटखालीं मावेना. तेव्हां १९५३ सालीं कंपनीनें बाकीची गाडी बव्हंशीं तीच ठेवून बॉनेट आणि पुढची जाळी तेवढी उंच केली. “जुन्या शरीरांत नवें इंजिन! कंपनीनेंच पहिला हॉट रॉड केला,” तो म्हणाला. याला उत्तर मजपाशीं नव्हतें, म्हणून मी रागावलों.

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. ती ऐंशीच्या घरांतली. अशा वादांत सहसा पडत नाहीं. सूप खालीं ठेवून ती म्हणाली, “तुझ्या बाबूजींनीं पटासाठीं घरच्या छकड्याच्या बाजू तोडल्या होत्या, तुले ठाऊक नाही. मामाजी महिनाभर बोलले नाहीत त्यांच्याशीं.”

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांना पट म्हणजे काय तें सांगावें लागेल. धान कापून झाल्यावर आमच्याकडे गांवोगांव शंकरपट भरतो. बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून पळवतात. छकड्याला ना बाजू ना बैठक, नुसता दांड्यांचा सांगाडा, आणि त्यावर जीव मुठींत धरून उभा राहणारा हांकणारा. मे २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें या शर्यती बंद पडल्या. देवराष्ट्र्याच्या जीपचें चित्रण आमच्या घरीं आलें त्याच डिसेंबरांत, १६ तारखेला, महाराष्ट्रापुरत्या त्या पुन्हां मोकळ्या झाल्या. मे २०२३ मध्यें घटनापीठानेंही त्यांच्या कायद्याला मान्यता दिली. ओझें काढून टाकलें कीं वेग येतो, ही विद्या शिकायला आमच्या घराला कॅलिफोर्नियाला जावें लागलें नव्हतें. हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें, याचें मात्र मला वाईट वाटलें.

२०२२ च्या उन्हाळ्यांत कामाला हात घातला. गोंदिया रस्त्यावरचे एक वृद्ध मिस्त्री आले. धानाच्या गिरण्या आणि मळणीयंत्रें दुरुस्त करण्यांत त्यांचा जन्म गेला होता. बॉनेटवर दोन टिचक्या मारून ते म्हणाले, “भाऊ, आतांच्या गाडीले इतका लोखंड कोन देते?” इंजिन जाम झालें होतें. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत रॉकेल आणि ऑइल यांचें मिश्रण ओतलें, आणि मिस्त्री म्हणाले, आतां हात लावायचा नाहीं. रोज सकाळीं मुलगा हँडल घालून अगदीं हलक्या हातानें जोर लावून पाही. बाराव्या दिवशीं हँडल चार बोटें फिरलें. त्याची आरोळी ऐकून आई हातांतला तांब्या घेऊनच बाहेर आली.

पेट्रोलची टाकी या गाडीत चालवणाऱ्याच्या आसनाखालीं असते. ती काढली तेव्हां आंतून जुन्या वार्निशासारखा वास आला आणि गंजाचे पापुद्रे पडले. टाकींत मूठभर खडे आणि थोडें रॉकेल घालून मुलांनीं ती दोन दिवस आळीपाळीनें हालवली; तो आवाज माझ्या कानांत अजून आहे. आसनांची शिलाई आमच्या सौभाग्यवतीनें शिवणयंत्रावर केली. जाड ताडपत्रीनें दोन सुया मोडल्या, त्यांचा हिशेब मला स्वतंत्रपणें द्यावा लागला. तारांचें सारें काम मुलीनें वहीवर आकृति काढून केलें. सगळें जोडलें तरी दिवे लागेनात. मिस्त्री बॅटरीला दोष देत होते, मी बल्बांना. मुलगी म्हणाली, विजेची परतीची वाट गाडीच्या पत्र्यांतून आहे, आणि जेथें तार पत्र्याला आवळायची तेथेंच आपण घाईंत रंग फांसला आहे. तिनें चाकूनें रुपयाएवढा रंग खरवडला आणि दिवे लागले.

जुलैंत रोवणी आली, काम थांबलें. मग परीक्षा आल्या. मधून मधून महिने तसेच गेले. मडगार्डांचा निर्णय मी पुढें ढकलत होतों. माझें खरें कारण मीं कोणाला सांगितलें नव्हतें.

पुढच्या उन्हाळ्यांत एका दुपारीं मुलगा डावें मडगार्ड घासत होता. जुन्या रंगाखालीं, लुकण भरून दडवलेला एक खोल पोचा निघाला. “हा कशाचा?” त्यानें विचारलें.

तो पोचा आमच्या विहिरीच्या कठड्याचा होता. २०१० सालीं, शहात्तर वर्षांच्या बाबूजींनीं जीप वळवतांना ती कठड्यावर नेऊन आपटली होती. शेजारच्या आसनावर हाच मुलगा बसला होता, चार वर्षांचा. त्याला ओरखडाही आला नाहीं. पण मी धांवत आलों, त्याला उचललें, आणि गाडींतून किल्ली काढून घेतली. गडीमाणसांसमोर मी बाबूजींना जें बोललों, तें येथें लिहवत नाहीं. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. दाराजवळच्या खिळ्यावर ती किल्ली बत्तीस वर्षें टांगलेली असे. ती मीं कपाटांत कुलूप लावून ठेवली. पोच्यावर लुकण भरून रंगही मींच देवविला. बाबूजींनीं किल्ली पुन्हां कधीं मागितली नाहीं. चिंचेकडे ते गेले नाहींत. ओसरीवरची खुर्चीसुद्धां त्यांनीं रस्त्याकडे तोंड करून फिरवून घेतली. २०१३ सालीं ते गेले.

हें सारें मीं मुलाला सांगितलें. आई ओसरीवर होती. तिला ऐकूं जात होतें. मुलाला त्यांतलें कांहींच आठवत नव्हतें. आई म्हणाली, “किल्ली घेतली तें बरोबरच केलं. बोललास तें नव्हे.” दहा वर्षें तिनें हें वाक्य जवळ ठेवलें होतें. त्यानंतर तिनें नातवाला, ऊन लागेल, आंत ये, असें सांगितलें, आणि विषय तेथेंच राहिला.

दुसऱ्या दिवशीं दोन्हीं मडगार्डें उतरवायला मींच पाना हातांत घेतला. मिस्त्री पोचा ठोकून काढण्याच्या तयारींत होते. मुलगा त्यांना म्हणाला, राहूं द्या तसाच. मडगार्डें गोठ्यांत दोन खुंट्यांवर टांगलीं. मागचा पत्रा मात्र कापायचा नाहीं, हें त्यानें आपण होऊन ठरवलें. तो पत्रा आजोबांचा, असें तो म्हणाला. त्यामुळें गाडीचा आकार कसा झाला म्हणाल, तर पुढून पटाचा छकडा आणि मागून धानाची बंडी. कॅलिफोर्नियांतल्या जाणत्यांनीं तिला हॉट रॉड म्हटलें नसतें आणि व्हिंटेजवाल्यांनीं फाटकाच्या आंत घेतलें नसतें.

डिसेंबर २०२३ मध्यें, धान कापून बांध्या कोरड्या झाल्यावर, घरामागच्या मोठ्या बांधींत ती प्रथम चालली. सेल्फनें दगा दिला म्हणून हँडल मीं मारलें. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, उलटा झटका बसला तर मनगट मोडतें, ही बाबूजींची शिकवण हातालाच आठवली. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धरलें. मुलगा स्टीअरिंगवर, मुलगी मागें. आई म्हणाली, मी बसणार. सगळ्यांनीं नको म्हटलें, ती बसली. समोरची कांच बॉनेटवर आडवी केलेली, वारा सरळ तोंडावर. धुऱ्यापर्यंत जाऊन गाडी वळली तेव्हां मला विहिरीचा कठडा दिसत होता, आणि मी दोन पावलें पुढेंही झालों होतों. पोरानें वळण लांबून घेतलें. आईनें पदर दातांत धरला होता. ती हसत होती कीं धुळीनें डोळे मिटले होते, तें मला दुरून कळलें नाहीं.

संध्याकाळीं तिनें नातवाला विचारलें, किल्ली कोठें आहे. त्यानें खिशांतून काढली. दाराजवळच्या खिळ्यावर बारा-तेरा वर्षें दिनदर्शिका टांगलेली असते. तिनें ती काढून हातांत घेतली आणि आतां ही कोठें लावायची म्हणून सौभाग्यवतीला विचारूं लागली.

मडगार्डें अजून गोठ्यांतच आहेत. पोच्याच्या कडेला गंज धरूं लागला आहे. पावसाळ्यापूर्वीं तेथें रंगाचा हात दिला पाहिजे.