लपंडाव खेळणारे दुखणे

दुखणी दोन जातींची असतात. एक सरळ. ते आले की ठाण मांडून बसते, वैद्यासमोरही हलत नाही. दुसरे लबाड. ते येते, छळते आणि वैद्य दारात येताच पसार होते. आमच्या आदिलाबादकडील रानपट्टीतील जुन्या माणसांना या दुसऱ्या जातीची ओळख हिवतापाने करून दिली. कधी एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड हुडहुडी भरायची आणि मधल्या दिवशी माणूस धडधाकट होऊन शेतावर जायचा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात त्या तापाचा जंतू दिसला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून शहाणे वैद्य हा ताप ओळखत, तो त्याच्या येण्याच्या पाळीवरून. आम्हांस मात्र हा धडा कोणा वैद्याने दिला नाही. तो दिला आमच्या जुन्या स्कूटरने.

ही स्कूटर वडिलांकडून आमच्याकडे आली. वयाने ती जवळजवळ आमच्या बरोबरीची. सकाळी एका बाजूस कलती करून दोन किका मारल्या की ती सुरू होई आणि गावात दिवसभर मुकाट्याने चाले. परंतु गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर आली की मध्येच गचके देऊन बंद पडे. मग किका मारून आमचा पाय दुखे, पण ती ढिम्म हलत नसे. दहा-पंधरा मिनिटे झाडाखाली उभी केली, की काहीच घडले नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

उपदेशाला तोटा नव्हता. कोणी म्हणाले, प्लग बदला. कोणी म्हणाले, कॉइल तापते. आम्ही एकाच दिवशी प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटरही साफ करून घेतला. चार दिवस गाडी नीट चालली. पाचव्या दिवशी पेट्रोल भरले आणि ती पुन्हा बंद पडली. झाले! दोष पेट्रोलचाच, असे आम्ही ठरवून टाकले आणि पंपावर जाऊन, चार गिऱ्हाइकांच्या देखत, भेसळीचा आरोप करून आलो. तेथील वृद्ध कामगार काही बोलला नाही. नुसता आमच्याकडे पाहत राहिला.

शेवटी आम्ही एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी गावात दोन फेऱ्या फिरवून आणली. ती अर्थातच बंद पडली नाही. तो हसून म्हणाला, “सर, ही माझ्यासमोर कधीच बंद पडणार नाही. बंद पडते तेव्हा तुम्हीच तेथे असता. तेव्हा पाहायचे तुम्ही. केव्हा पडली, किती चालून पडली, ते लिहून आणा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर गुण कशाचा, हे देवालाही कळणार नाही.”

त्याने आम्हांला परीक्षाही शिकवली. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवेत मिसळलेले पेट्रोल, त्या मिश्रणावर दाब आणि योग्य क्षणी ठिणगी. गाडी बंद पडताच प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, संशय ठिणगीवर. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. (विद्यार्थी मित्रांनो, तापलेले इंजिन आणि पेट्रोल यांचा हा खेळ आहे, जाणत्या माणसावाचून तो करू नये.) आम्ही खिशात एक लहान वही ठेवली. पंधरा दिवसांत तिच्यात सहा नोंदी झाल्या.

पुढे दहावीच्या परीक्षेतील एक सोमवार आला. आठ वाजले तरी आमची एक विद्यार्थिनी केंद्रावर आली नव्हती. पेपर साडेनऊला. आम्ही स्कूटर काढली आणि जैनदच्या रस्त्याला लागलो. आदल्याच संध्याकाळी टाकी भरली होती. गाडी वाटेत एकदा बंद पडली, दहा मिनिटे गेली, पुन्हा चालली. बाराव्या किलोमीटरवर ती मुलगी झपाझप चालत येताना दिसली. तिला मागे बसवून आम्ही वळलो, आणि चार किलोमीटरांवर गाडी पुन्हा बंद! पावणेनऊ झाले होते. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

प्लग काढला. कोरडा. आम्ही वही उघडली. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते; अर्धी असली की बरीच लांब जाते. गावात हळू चालताना कधीच नाही. बाहेर वेगात हमखास. एकाएकी डोक्यात उजेड पडला. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे तर वरून हवा आत यावयास हवी. त्यासाठी झाकणाला बारीकसे भोक असते. ते बुजत आले तर आत ओढ निर्माण होते आणि पेट्रोल अडते. भरल्या टाकीत मोकळी जागा थोडी, म्हणून ही ओढ लवकर वाढते. गाडी थांबली की हवा हळूहळू आत झिरपते आणि दुखणे पळून जाते! कॉइल तापली तरी गाडी अशीच थांबते आणि निवल्यावर चालते. पण कॉइलला निवायला वेळ लागतो. झाकणाचा दोष असेल तर ते उघडताच गाडी चालली पाहिजे.

प्लग बसवला, आसन उचलून झाकण फिरवले. ‘सुस्स’ करून हवा आत शिरली. झाकण लावून, क्षणभर थांबून किक मारली, आणि स्कूटर सुरू झाली. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून, झाकण उघडून लावीत आम्ही सव्वानऊला केंद्रावर पोहोचलो. संध्याकाळी बारीक तारेने ते भोक मोकळे केले. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी पंपावर जाऊन त्या वृद्ध कामगाराची, गिऱ्हाइकांच्या देखतच, क्षमा मागितली.

परंतु या हकीकतीतील जी गोष्ट आम्हांला अधिक लागली, ती वेगळीच आहे. वाटेत आम्ही मुलीला जरा रागानेच विचारले, “आजही उशीर?” ती हळूच म्हणाली, “सर, सोमवारी बाजाराच्या माणसांनी गाडी भरून येते. आमच्या फाट्यावर थांबत नाही. मग मी चालत येते.”

वर्षभर तिच्या उशिराला आम्ही ‘आळस’ हे नाव दिले होते. वर्गात तिला दोनदा उभेही केले होते. त्या संध्याकाळी हजेरीपट काढून पाहिला. तिच्या नावापुढील उशिराच्या खुणा जवळजवळ सगळ्या सोमवारच्या होत्या. स्कूटरसाठी आम्ही नवी वही घातली. ही वही तर वर्षभर रोज आमच्याच हातात होती.