वाचन शिकवणाऱ्याची ओळख

वाचन शिकवण्याचे प्रशिक्षण डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या वर्गात सुरू होते, असे कागदोपत्री मानले जाते. प्रत्यक्षात तिथे दाखल होणाऱ्याने बारावीपर्यंत वाचन शिकवणारी माणसे रोज पाहिलेली असतात. फळ्यावरची बाराखडी, एका सुरात म्हटलेला धडा, अडखळणाऱ्याला बसलेली छडी, सगळे त्याच्या अंगात मुरलेले असते. पहिल्या नेमणुकीत वर्ग हाताबाहेर जाऊ लागला, की पाठाचे टाचण बाजूला पडते आणि लहानपणचे गुरुजीच त्याच्या तोंडून बोलू लागतात.

त्याहून जुनी असते घरची बोली. पहिलीतले मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. मुलाने अक्षरे ओळखली, शब्द जुळवला, अर्थही त्याला कळला. म्हणजे वाचन झाले. प्रमाण मराठीच्या घरात वाढलेल्या शिक्षकाला मात्र इथे चूक ऐकू येते आणि तो मुलाला तिथेच थांबवतो. बोलीच्या घरातून आलेला शिक्षक सांभाळून घेईल, असे वाटते खरे, पण नेहमीच तसे घडत नाही. ज्याच्या ‘न’ला कॉलेजात हसले गेले आणि ज्याने तो मोठ्या कष्टाने बदलला, तो कधी कधी सर्वांत कडक निघतो. आपण भोगले ते मुलांनी भोगू नये, ही त्याची तळमळ खरीच असते. मूल मात्र तोंड उघडेनासे होते.

दुसरी अडचण सराईतपणाची. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते आणि उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, पण वाचायचा ‘य’च्या आधी. वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला यात काही अवघड आहे हेच दिसत नाही. मोठेपणी दुसरी लिपी शिकलेल्याला किंवा उशिरा अक्षर गिरवलेल्याला ते चटकन दिसते. सावित्रीबाई फुले १८४० मध्ये सासरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती; १८४८ मध्ये त्या पुण्यात मुलींना शिकवत होत्या. अक्षराची नवलाई ओसरण्याआधीच त्या शिक्षिका झाल्या.

मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेत जन्म, मराठी मोठेपणी शिकलेली, आणि भाषाशास्त्रातली डॉक्टरेट फलटणच्या बोलण्यातल्या भेदांवर. म्हणजे कोणत्या घरात काय बोलले जाते, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय होता. १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. फलटणमध्येच प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. त्यांच्या पद्धतीत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतची रांग पाठ करून घेत नाहीत. थोडी अक्षरे आणि त्यांच्यासोबत मात्रा असा गट घेतात, म्हणजे मुलाच्या हाती लवकर अर्थाचे शब्द येतात. मराठीत जन्मलेल्याला वर्णमालेचा क्रम इतका स्वाभाविक वाटतो, की तो मोडावा असे सुचतच नाही. परकेपणाचा असाही उपयोग होतो.

गोंडी, कोरकू, वारली बोलणाऱ्या घरांतून आलेल्या शिक्षकांजवळ अशीच दृष्टी असते, कारण पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांनी स्वतः पायरीपायरीने चढलेली असते. प्रशिक्षणात मात्र ही पायरी बहुधा उणीव म्हणूनच मोजली जाते आणि शिक्षक ती लपवायला शिकतो. हे नुकसान त्याचे नाही, वर्गाचे आहे.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२१ मध्ये ठरवले. त्यासाठी साहित्य छापले जाते, चाचण्या घेतल्या जातात. अध्यापक विद्यालयांनी आणखी एक बिनखर्चाची गोष्ट करावी: सराव पाठ सुरू होण्याआधी प्रत्येक छात्राकडून आपण वाचायला कसे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या धाकात शिकलो, हे लिहून घ्यावे आणि त्यावर वर्गात मोकळेपणाने बोलू द्यावे.