काचेबाहेरची माणसे

अपुऱ्या दिवसांचे मूल काचेच्या पेटीत ठेवले म्हणजे आईबापांकडे वाट पाहण्यावाचून दुसरे कर्तव्य उरत नाही, असा समज इस्पितळाच्या दारावरील पहारेकऱ्यापासून घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वत्र रूढ आहे. आणि ज्याने आपल्या लेकीचा पहिला पावसाळा अशा मुलांच्या कक्षाबाहेरील बाकावर काढला, त्या माझ्यासारख्या बापाला तो समज मुकाट्याने मान्य करवत नाही.

गर्भावस्थेचे साधारण ३४ आठवडे भरेपर्यंत चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बाळाला साधत नाही. म्हणून नळीवाटे थेंबाथेंबाने दूध द्यावे लागते, आणि मूल अंगावर पीत नसतानाही आईने ते दर दोन-तीन तासांनी, अगदी मध्यरात्रीही, पिळून काढावयाचे असते. टाक्यांची कळ सोशीत माझी पत्नी पहाटे जी वाटी सिस्टरांच्या हवाली करी, तिच्या तळाशी कधीकधी चमचाभरच दूध असे. परंतु आतडे सडविणाऱ्या ज्या विकाराचे अशा बाळांना भय असते, त्यापासून तेवढ्या दुधाने जे संरक्षण मिळते ते डब्यातील भुकटीने मिळत नाही. जिला तेवढेही येत नाही तिच्या तान्ह्यासाठी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापन केली, आणि दूधआईचे जुने नाते परक्या स्त्रियांमध्ये नव्याने रुजले. या कार्याचे ऋण मोठे आहे.

आमची लेक मधूनच श्वास घ्यावयाचे विसरे. यंत्र ओरडू लागे, सिस्टर तिच्या तळपायाला टिचकी मारीत, आणि ती पुन्हा श्वास घेई. त्या दोन क्षणांच्या दरम्यान जे काही असते त्याचे वर्णन मला आजही करता येत नाही.

एके दुपारी सिस्टर म्हणाल्या, “बाळाचे बाबा, हात धुऊन या आणि शर्टाची बटणे काढा.” बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडू लागल्या असता डॉ. एडगर रे यांनी अशी मुले मातांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला, आणि टंचाईतून निघालेला तो प्रघात पुढे जगभर उपचार म्हणून मान्य झाला, हे मी नंतर वाचले. त्या दुपारी मात्र, कापसाच्या पेळूइतका भार छातीवर घेऊन, तिचा श्वास अडखळू नये म्हणून मी स्वतःचा श्वास सावकाश, एका लयीत घेत बसलो, आणि यंत्र बराच वेळ गप्प राहिले.

तरीही भेटीची वेळ संपताच बापांना बाहेर काढण्याचा शिरस्ता होता, आणि ओल्या बाळंतिणी व्हरांड्यात चटईवर निजत. ज्या दफ्तरात आईची नोंद केवळ ‘नातेवाईक’ अशी होते, त्याच दफ्तरातून तिला खाट, दोन वेळचे गरम जेवण आणि कोणत्याही प्रहरी आत जाण्याचा परवाना मंजूर झाला पाहिजे, बापालाही.