ट्रेलरचं नाक

अमेरिकेत येऊन आपण काय काय शिकलो याची कुणी यादी करायला घेतली, तर कॉलेजची डिग्री त्यात फार वर लागणार नाही. बर्फ उपसणं, सिंकखालचा पाइप बदलणं, गवत कापायच्या मशीनचं पातं धार लावून परत बसवणं, असल्या गोष्टीच वर येतील. घरी साधा बल्ब बदलायलाही वायरमन बोलावणारी आपण माणसं. इथे आलो की हातात पाना येतो. त्या यादीत गेल्या काही वर्षांत माझ्यापुरती एक भर पडली आहे: गाडीमागे ट्रेलर जोडणं. आणि त्यातही नेमकं सांगायचं तर ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकतो, त्या गोळ्याची उंची.

विषय ऐकून काही वाचक पान उलटतील. पण ज्यांनी नुकताच कॅम्पर घेतलाय, किंवा पुढच्या महिन्यात घर बदलताना भाड्याचा ट्रेलर ओढणार आहेत, त्यांनी कृपया थांबावं.

आम्ही क्लीव्हलँडच्या आसपास राहणाऱ्या चार कुटुंबांनी मिळून एक जुना पॉप-अप कॅम्पर घेतला. म्हणजे वरचं छत उचललं की दोन्ही बाजूंना पलंग बाहेर येतात, तो तंबूवजा प्रकार. सामानासकट वजन साधारण २,२०० पौंड. एकट्याने घेतला तर वर्षातले पन्नास आठवडे अंगणात उभा राहणार, म्हणून चौघांत. हिशेब चोख होता. फक्त एका गोष्टीचा हिशेब कुणी धरला नव्हता. कॅम्पर एक, पण ओढणाऱ्या गाड्या चार, आणि चारींची उंची वेगवेगळी.

युरोपात हा प्रश्न बराचसा कारखान्यातच सुटतो. तिथे मोटारीच्या गोळ्याचा मध्य भरलेल्या गाडीला जमिनीपासून ३५० ते ४२० मिलीमीटरच्या दरम्यान असावा असा नियमच आहे. इथे अमेरिकेत मिनिव्हॅनपासून उंच पिकअपपर्यंत सगळंच रस्त्यावर, त्यामुळे उंची जुळवणं हे ज्याचं त्याचं काम. गाडीखाली चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. तिच्यात एक लोखंडी दांडा सरकवायचा, तो बॉल माउंट. त्याच्या टोकावर गोळा. दांडा सरळ, वर चढणारा किंवा खाली उतरणारा मिळतो, आणि बरेचसे दांडे उलटसुलट दोन्ही बाजूंनी लावता येतात. आमचा तसाच होता. एका बाजूने लावला तर ४ इंच खाली उतरायचा, उलटा केला तर पावणेतीन इंच वर चढायचा.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तीन कुटुंबं वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हर गॉर्जला गेलो. जाताना कॅम्पर एका मिनिव्हॅनमागे होता आणि प्रवास अगदी सुखाचा झाला. परतताना ते मिनिव्हॅनवाले तिथूनच शार्लटला नातेवाइकांकडे जाणार होते. म्हणून कॅम्पर दुसऱ्या मित्राच्या पिकअपला जोडला गेला. त्याने मिनिव्हॅनमधून दांडा जसाच्या तसा काढला, आपल्या गाडीत सरकवला, पिन घातली, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले. तोपर्यंत मिनिव्हॅनच्या मागे टांगून आणलेल्या मुलांच्या सायकली आता कॅम्परच्या मागच्या टोकाला टांगल्या. सगळं व्यवस्थित दिसत होतं. आम्हाला निघायला तासभर उशीर झाला, त्यामुळे हे मी पाहिलं नाही; नंतर कळलं.

बेकली सोडून चार्ल्सटनकडे जाताना टर्नपाइकवर बरेच उतार लागतात. तिथे आम्ही त्यांना गाठलं. लांबूनच काहीतरी खटकलं. कॅम्परचं नाक वर होतं आणि शेपूट रस्त्याला टेकायच्या बेतात. मी बायकोला म्हटलं, "याला फोन लाव." ती नंबर लावेपर्यंत बाजूने एक मोठा ट्रक गेला, आणि कॅम्पर हलायला लागला. आधी थोडा, मग जास्त. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि आता पिकअपचंही ढुंगण त्याच्याबरोबर हलतंय. मागच्या सीटवर त्याच्या दोन मुली. माझ्या गाडीत कुणी शब्द बोललं नाही.

मित्राने ब्रेकवर पाय दाबला नाही, हे त्या सर्वांचं नशीब. ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. नेमकं हेच करायचं असतं. जोरात ब्रेक मारला तर मागचं वजन पुढच्या गाडीला ढकलतं आणि दोन्ही कात्रीसारखी मिटतात. वेग वाढवला किंवा झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसलं तर झोके वाढतात. ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर तेवढेच हाताने हळू लावावेत. या कॅम्परला ते नव्हते. वेग ४० मैलांच्या खाली आला तसे झोके विरले. दोघेही कडेला थांबलो. वहिनी उतरल्या, मुलींना उतरवून रेलिंगच्या पलीकडे गवतावर नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. नवऱ्याला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचा सर्व्हिस प्लाझा हळूहळू गाठला. तिथे मी टेप काढली. कॅम्पर सपाट जागेवर पाणसळ लावून समतल केला, तर कपलरची खालची कड जमिनीपासून १७ इंच. मिनिव्हॅनची नळी होती १४ इंचांवर, म्हणून तिला चढता दांडा बरोबर होता. १४ अधिक पावणेतीन, म्हणजे जवळजवळ १७. पण पिकअपची नळी २१ इंचांवर. त्यात तोच चढता दांडा लावल्यावर गोळ्याची बैठक गेली पावणेचोवीस इंचांवर. पावणेसात इंच जास्त! आणि उपाय तर आधीपासून हातातच होता. तोच दांडा उलटा केला की २१ वजा ४, बरोबर १७. त्यासाठी गोळा काढून दुसऱ्या बाजूला बसवावा लागतो, आणि त्याच्या नटाला घरातला साधा पाना पुरत नाही. शेजारी कॅम्पर घेऊन थांबलेल्या एका आजोबांकडे मोठा सॉकेट आणि टॉर्क रेंच दोन्ही निघाले. काम झाल्यावर त्यांनी सायकलींकडे बोट दाखवून सांगितलं, "त्या पिकअपमध्ये टाका." टाकल्या.

आता यातलं इंजिनिअरिंग. घरी येऊन मी आकडेमोड केली, कारण त्याशिवाय झोप लागली नसती. नाक पावणेसात इंच वर गेल्याने, वजनाचा मध्य चाकांच्या आसाच्या वर असल्यामुळे, तो किंचित मागे सरकतो. पण एवढ्याने गोळ्यावरचा भार फार तर दहा-पंधरा पौंडांनी घटतो. खरा घाव सायकलींचा. शंभरेक पौंडांच्या सायकली आणि रॅक चाकांच्या मागे सहा-सात फुटांवर टांगलं की तरफेच्या न्यायाने पुढचा भार पन्नास-साठ पौंडांनी उचलला जातो. गोळ्यावर ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे इथे २२० ते ३३० पौंड. जो मुळात किमान मर्यादेवर होता, तो घसरला दीडशेच्या आसपास. त्यात आतलं सुटं सामान मागे घरंगळलेलं, आणि वर उचललेल्या नाकाखालून वारा. एकेक कारण लहान, एकत्र आली की मोठी.

उलट नाक फार खाली गेलं तरी त्रास आहेच. गाडीची मागची बाजू दबते, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दोन आसांच्या ट्रेलरला तर एका आसावर जास्त भार पडून त्याचे टायर तापतात. म्हणून ट्रेलर समतल असावा, आणि फरक राहिलाच तर नाक किंचित खाली चालेल, वर नको.

साताऱ्याकडच्या आमच्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवर बसत नाही. पुढे जास्त भरला तर मान दबून बैल खचतात. पोती भरून झाली की आजोबा जू हाताने उचलून बघायचे आणि एखादं पोतं पुढेमागे सरकवायला सांगायचे. गोळ्यावरचा १० ते १५ टक्के भार मोजायचा तो हाच. फरक एवढाच, की बैल तक्रार करतो. पिकअप करत नाही.

तुम्हाला करायचं ते थोडक्यात. गाडीत नेहमीचं सामान भरा, कारण गाडी एखाद इंच दबतेच. सपाट जागी रिसीव्हरच्या नळीच्या आतल्या वरच्या कडेची उंची मोजा. पाणसळ लावून समतल केलेल्या ट्रेलरच्या कपलरची खालची कड मोजा. दोहोंतला फरक तेवढा चढता किंवा उतरता दांडा. दांडा उलटा लावायचा असेल तर कंपनीने तशी परवानगी दिलीय ना ते त्यावर वाचा. गोळ्याचं माप, पावणेदोन इंच आणि वर एक अष्टमांश, २ इंच की २ पूर्णांक ५ सोळांश, हे कपलरवर कोरलेलं असतं; अंदाजाने घेऊ नका. हलक्या ट्रेलरचा पुढचा भार बाथरूमच्या काट्यावरही मोजता येतो, काटा झेपेल तेवढाच.

आमच्या कॅम्परच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे. चार गाड्या, चार आकडे, दांडा कसा लावायचा त्याचं चित्र. त्याखाली वहिनींनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली आहे: सायकली मागे टांगायच्या नाहीत. पाणसळही त्यांच्याकडेच असते. त्या ती ठेवून बघतात, बुडबुडा मधोमध आला की मगच मुलींना गाडीत बसायला सांगतात.